अंगठा आधी, मजकूर नंतर

९ नोव्हेंबर

टिटवे,

वर आशीर्वाद लिहायला गेलो आणि पेन अडलं. अठ्ठावीस वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या भावाने कसले आशीर्वाद द्यायचे? म्हणून नुसतंच टिटवे. नदीकाठी तू आरडाओरडा करत पळायचीस म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं, तेवढा हक्क अजून उरला असेल असं धरून चालतो. पत्ता तुझ्या मुलीने दिला. तिला रागावू नकोस, मीच हात धुऊन तिच्या मागे लागलो होतो.

पत्राला तसं खास कारण नाही. इकडे बरं आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. दप्तरखान्यातून निवृत्त होऊन मला सोळा वर्षं झाली, पण अजून कुठे फाटका कागद दिसला की बोटं शिवशिवतात.

गंमत सांगतो. मला मास्तर केलंय. साधा नाही, मास्तरांचा मास्तर! शिक्षक प्रशिक्षण केंद्राच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, “काका, इतिहासाचे शिक्षक धडा वाचून दाखवतात आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून घेतात. मला त्यांच्या हातात जुने कागद द्यायचेत. घडलं तेव्हाचे, घडलं तिथले. ते वर्गात कसे वापरायचे, हे त्यांना शिकवायचंय.”

मी म्हटलं, “बाई, मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो. फाटके कागद चिकटवता चिकटवता वाचायला शिकलो.”

“म्हणून तर आले,” त्या म्हणाल्या.

आतून तुझी वहिनी म्हणाली, “दुनियेचं फाटलेलं चिकटवतात हो. घरातलं सोडून.”

बाईंनी चहा गार होऊ दिला, पण मला हो म्हणायला लावलं. सहा शनिवार आहेत. काल पहिला झाला. परिपत्रकात ‘प्राथमिक साधने’ म्हणजे त्या काळचे मूळ कागद घेऊन या, एवढ्या अर्थाने लिहिलं होतं, तर निम्मे शिक्षक प्राथमिक शाळेचे तक्ते, रंगीत खडू आणि एक जण चक्क मणी मोजायची पाटी घेऊन आला. बत्तीस मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. मी प्रत्येकाला एक जुना कागद दिला आणि म्हटलं, अर्धा तास याच्याशी बोला. पाचव्या मिनिटाला पहिला हात वर: “सर, यातला कुठला प्रश्न परीक्षेला येईल?”

तू हसली असतीस.

तुझा दादा


२३ नोव्हेंबर

टिटवे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात. तुझी वहिनी म्हणते, या वयात कुणाच्या पत्राची वाट बघताय म्हणून लोक विचारायला लागतील.

मागच्या पत्रात एक लपवलं. कारण नाही असं लिहिलं होतं. आहे.

बाईंनी प्रशिक्षणासाठी दप्तरखान्याच्या यादीतून एक फाइल निवडली. पातळ आहे, एकाच घटनेची आहे, आपल्याच गावातली आहे, म्हणून पोरांना समजेल असं त्यांना वाटलं. त्यांनी क्रमांक सांगितला. तो क्रमांक मला तोंडपाठ आहे.

नावेची फाइल, टिटवे. बाबांची नाव. पुलाच्या कामावर जाणाऱ्या मजुरांनी भरलेली नाव मधल्या धारेत उलटली, अकरा माणसं गेली, आणि बाबांना दोन वर्षं आत टाकलं, त्याची चौकशी. पंचावन्न वर्षं झाली.

मी बाईंना म्हणालो नाही, की ही नको. हेही म्हणालो नाही, की तो नावाडी माझा बाप. नुसती मान हलवली. मग बत्तीस प्रती निघाल्या. त्या फाइलमध्ये मुख्य आहे तो बाबांचा जबाब: “मी आपल्या मर्जीने जास्त माणसे घेतली. मला कोणी भाग पाडले नाही. चूक माझी आहे.” खाली अंगठा.

हाच कागद मी तुला वाचून दाखवला होता. आठवतं ना, वर्तमानपत्राचा माणूस आला होता त्या दिवशी? अपघाताला किती वर्षं झाली म्हणून लिहायचं होतं त्याला. तू माहेरी आलेली होतीस, पदर खोचून त्याच्यासमोर बसलीस आणि सांगायला लागलीस, की मी तेव्हा दहा वर्षांची होते, काठावर होते, बाबा म्हणत होते दोन खेपा करू, मजुरांच्या मुकादमाने ऐकलं नाही. मी आतून या जबाबाची नक्कल आणली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. तू म्हणालीस, “दादा, मी तिथे होते.” मी म्हणालो, “तू दहा वर्षांची होतीस. कागदाला वय नसतं.” आणि त्या माणसाला दारापर्यंत पोचवून आलो.

परत आलो तेव्हा तुझी पिशवी भरून झाली होती.

तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. शाळा पुरी केलेल्या माणसाला अक्षरांची सवय असते. मला त्यांचं वेड होतं. वीस वर्षांचा होईपर्यंत मी अक्षर लावून लावून वाचायचो. ज्याला वाचता येत नाही त्याला वाटतं, लिहिलेलं म्हणजे झालेलंच. आणि वाचता यायला लागलं तरी ते वाटणं जात नाही.

दादा


३० नोव्हेंबर

टिटवे,

काल जे झालं ते तुला आधी सांगायचं, मग जेवायचं, असं ठरवून बसलोय.

वर्गात एक खेळाचे सर आहेत. दांडगा माणूस, गळ्यात शिट्टी. इतिहासाचे शिक्षक बदलून गेले म्हणून मुख्याध्यापकांनी याच्या गळ्यात इतिहासही बांधला. तीन शनिवार मागच्या बाकावर जांभया देत होता. काल मी सगळ्यांना म्हटलं, शब्द वाचू नका, कागद बघा. शाई, कडा, मोकळी जागा.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, “काका, हे आमच्या बक्षिसाच्या प्रमाणपत्रांसारखं दिसतंय.”

सगळे हसले. बाई म्हणाल्या, “सर, तुम्हाला सगळीकडे बक्षिसंच दिसतात.”

“नाही हो बाई, बघा की,” तो उठून पुढे आला. “मुख्याध्यापक गावाला जाणार असले की आम्ही शंभर कोऱ्या प्रमाणपत्रांवर त्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवतो. नंतर मुलाचं नाव, शाळा, खेळ सगळं लिहायचं म्हणजे शेवटी जागा पुरत नाही. मग ओळ सहीच्या अंगावरून उडी मारते. इथे बघा. वरच्या चार ओळींत किती ऐसपैस लिहिलंय. आणि खाली? ‘चूक माझी आहे’ हे अंगठ्याजवळ येऊन आक्रसलंय. ‘आहे’ तर पार कोपऱ्यात चढून बसलंय.” मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “काका, या माणसाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता काय?”

टिटवे, त्या अंगठ्यापासून एका बोटावर माझं ठिगळ आहे. त्या कागदाचा कोपरा फाटला होता, तो मीच पातळ कागद आणि खळ लावून दुरुस्त केला होता. खाली मान घालून, जीव ओतून. चीर बघितली, भोक बघितलं, कीड बघितली. आणि ती वाकडी ओळ माझ्या नाकाखाली होती.

मी म्हटलं, “बसा सर.” पाणी प्यायलो. वर्गाला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली.

दादा


७ डिसेंबर

टिटवे,

बुधवारी दप्तरखान्यात जाऊन मूळ कागद काढला. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली प्रमुख आहे. तिने खिडकीजवळ टेबल सरकवून दिलं, भिंग दिलं आणि आपल्या कामाला लागली. गुणी पोर.

लिहिण्याची शाई अंगठ्याच्या शाईवर चढली आहे. ‘आहे’चा काना अंगठ्याच्या रेषांवरून गेलाय. म्हणजे अंगठा आधी, मजकूर नंतर. यात आता शंका नाही.

पण तुला फसवणार नाही. बाबांची चूक नव्हती, असं हा कागद म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की त्याच्यावरचे शब्द बाबांचे आहेत असं धरून चालू नका. एवढंच. हे ‘एवढंच’ मला अठ्ठावीस वर्षं उशिरा कळलं.

काल वर्गात सांगून टाकलं. तो नावाडी माझा बाप, आणि माझी एक बहीण आहे, तिला मी या कागदाने गप्प केलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. खेळाचे सर म्हणाले, “मग काका, त्या ताईंना बोलवा की. कागद कधीचे बोलतायत, माणूस राहिलाय.”

आता मागणं मागतो. हा कागद आणि त्यावरचे प्रश्न असा एक संच छापून सगळ्या शाळांत जाणार आहे. फेब्रुवारीच्या मध्याला छापखान्यात जाईल. तुझ्या आठवणीशिवाय गेला, तर पुढची कितीतरी वर्षं पोरं बाबांचा एकच जबाब वाचतील, तोही बाबांनी न दिलेला. काठावर उभं राहून ज्यांनी बघितलं, त्यांच्यातली आता तू एकटी उरलीस. लिहून पाठवशील? जसं आठवतं तसं.

दादा


२१ डिसेंबर

टिटवे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: “पुरावा हवा झाला तेव्हा बहीण आठवली का?”

तोंडात मारल्यासारखं झालं. तुझ्या वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, “बरोबर लिहिलंय. मी असते तर दोन ओळी लिहिल्या असत्या.”

उत्तर देतो. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा अंगठ्याचं मला काहीच माहीत नव्हतं. फाइल निघाली आणि तुझी आठवण झाली, हे खरं. पण त्याच्या आधी कधी झालीच नव्हती असं नाही. होती, आणि मी ती गुंडाळून ठेवली होती. का, ते लिहायला आज चौथा कागद घेतोय.

नावेवर दोन माणसं लागायची. पुढे बाबा, मागे मी. धार जोरात असली की मागच्या वल्ह्यावर सगळा भार. त्या सकाळी मी नव्हतो. मी वाचनालयात होतो. तिथला कारकून सकाळी वर्तमानपत्रं लावायचा, तेव्हा मला एक एक मथळा वाचून दाखवायचा. मी बाबांना सांगितलं होतं, खेपेच्या आधी येतो. नंतर वेळेचं भान राहिलं नाही. नदीकडून लोक ओरडत आले तेव्हा मी ‘हवामान’ हा शब्द लावत होतो.

चौकशीत कुणी विचारलं नाही, मागच्या वल्ह्यावर कोण होतं. मीही सांगितलं नाही. मग वर्षभरात दप्तरखान्यात लागलो, आणि पुढे एक दिवस तो जबाब हातात आला. ‘चूक माझी आहे.’ टिटवे, मला तो कागद आवडला. बापाने स्वतःच्या अंगठ्याने सगळं अंगावर घेतलं होतं, मग माझ्याकडे काय राहिलं? आणि तू म्हणायचीस, बाबांना भाग पाडलं. बाबा निर्दोष म्हटले, की पुढचा प्रश्न येणार होता, नाव सावरायला मागे कोण होतं. म्हणून तुला गप्प केलं. अक्षराचं वेड वगैरे मी लिहिलं ते खोटं नाही, पण ते वरवरचं.

आता लिहिलं नाहीस तरी चालेल. मला बोलायचा हक्क नाही.

दादा


११ जानेवारी

टिटवे,

सहा पानं. पाठपोट. मी तीनदा वाचली, मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवली, मग ती म्हणाली, “आता मला एकटीला बसू द्या,” आणि परसात जाऊन बसली.

मुकादमाचं मला थोडंफार ठाऊक होतं. “दोन खेपा करू” हेही. पण चौथ्या पानावरचं नव्हतं. बाबांनी तुला दोनदा विचारलं, थोरला आला का? आणि तू दोन्ही वेळा म्हणालीस, येतोय, वळणावर दिसला. मी कुठे असतो ते तुला माहीत होतं. मी येत नाही हेही माहीत होतं. बाबा मला बोलतील म्हणून खोटं बोललीस. ते थांबले. उशीर झाला. उशीर झाला म्हणून मुकादम तापला, आणि सगळ्यांना एकाच खेपेत कोंबलं.

आणि हे पोटात ठेवून तू त्या दिवशी माझ्यासमोर उभी होतीस, मी जबाब वाचत होतो तेव्हा. एका वाक्यात मला आडवं करता आलं असतं तुला. “दादा, मी तिथे होते,” एवढंच म्हणालीस. ‘आणि तू नव्हतास’ म्हणाली नाहीस.

तू लिहितेस, की अकरा माणसं माझ्या एका खोट्याने गेली असं मला दहाव्या वर्षापासून वाटतं. ऐक, मी आता शिक्षकांना शिकवतो ते तुला सांगतो. एका कागदावर सगळा भार टाकायचा नाही. मुकादमाची घाई होती, माझी गैरहजेरी होती, बाबांचं शेवटी ऐकणं होतं, धार होती. दहा वर्षांची एक पोरगी भावाला पाठीशी घालत होती, हेही त्यात आहे, पण सगळ्यांच्या मागे, अगदी मागे. याच्यावर माझ्याशी भांड हवं तर. समोर येऊन भांड.

शेवटी लिहिलंस, “छापायचं तर सगळं छापा, माझं खोटंही.” बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळंच छापू. मग मीही दोन पानांचं माझं लिहून दिलं. वाचनालयासकट. आता संचात तीन कागद आहेत: बाबांचा जबाब, तुझी आठवण, माझी आठवण. गावात चर्चा होईल. होऊ दे. दूधवाला आत्ताच विचारून गेला, “काका, तुमचं नाव पुस्तकात येतंय म्हणे?” मी म्हटलं, येतंय, पण चांगल्या कामासाठी नाही. त्याला ते कळलं नाही, त्याने अभिनंदन केलं.

काल शेवटचा शनिवार होता, शाळांच्या सुट्ट्यांमुळे महिनाभर लांबलेला. बत्तीस जणांनी तुझी सहा पानं वाचली. लाड केले नाहीत हो तुझे. एका बाईंनी विचारलं, पंचावन्न वर्षांनंतर इतकं नेमकं आठवतं? दुसऱ्याने विचारलं, मुलगी बापाच्या बाजूने बोलणारच ना? माझा जीव वरखाली होत होता, पण आतून बरं वाटत होतं. बाबांच्या जबाबाला जे प्रश्न, तेच तुझ्या आठवणीला. पूर्वी मी तुला प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

दादा


१ फेब्रुवारी

टिटवे,

छापण्याआधी संच एकदा वर्गात करून बघायचा होता. खेळाच्या सरांनी काल त्यांच्या सातवीवर केला. मी आणि बाई मागच्या बाकावर. पोरांना माहीत नव्हतं मी कोण. सरांनी सांगितलं, पाहुणे आहेत, त्यांच्याकडे बघत बसू नका.

सरांनी शिट्टी वाजवून इतिहास सुरू केला! असला मास्तर मी बघितला नाही. पोरांचे गट पाडले, एकेका गटाला तिन्ही कागद दिले आणि स्वतः खिडकीत जाऊन बसले. उत्तर सांगायचं नाही, हे त्या माणसाला आता इतकं जमलंय की एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “सर, मग खरं काय ते तुम्हाला तरी माहीत आहे ना?” सर म्हणाले, “नाही बाबा. तू शोध, मला सांग.”

वाकडी ओळ पोरांनी दहा मिनिटांत पकडली. मला चाळीस वर्षं लागली होती.

मग गटाने गटाने उभं राहून काय वाटलं ते सांगायचं होतं. एक गट म्हणाला, मुकादमाचा जबाब कुठे आहे? नाही सापडला, सर म्हणाले. “मग तो का घेतला नाही?” पोरं चिडली होती. एक मुलगा म्हणाला, तो थोरला मुलगा आळशी होता. बाईंनी हळूच माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिलो. त्याच्या शेजारची म्हणाली, “आळशी नाही रे, तो वाचायला शिकत होता. पण नंतर बोलला का नाही, ते त्याने सांगायला पाहिजे होतं.” सर म्हणाले, “सांगितलंय, दुसऱ्या पानावर वाच.” तिने वाचलं. मग म्हणाली, “उशिरा सांगितलं.” आणि खाली बसली. एवढाच निकाल लागला माझा. मला वाटलं होतं त्यापेक्षा हलका.

तुझ्यावर मात्र प्रश्नांची सरबत्ती. ती काठावर कुठे उभी होती? तिथून बोलणं ऐकू येतं का? धारेचा आवाज नसतो का? दोन मुली तर सरांना घेऊन नदीवर जायला निघाल्या होत्या, एकीने इकडून ओरडायचं आणि दुसरीने तिकडून ऐकायचं. सर म्हणाले, ज्यांना विचारायचंय त्या ताई चौदा तारखेला येणार आहेत, प्रश्न लिहून ठेवा. हे तुझ्या मुलीने फोनवर सांगितलं म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं. तू स्वतः अजून कबूल केलेलं नाहीस, पण मी हट्टाला पेटलोय.

तर ये. सकाळच्या बसने निघालीस तर दुपारच्या आत पोचशील. मेहुण्यांना आण, त्यांच्याशी मला दोन शब्द बोलायचेत, तेही माफीचेच. तुझी वहिनी कालपासून पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालतेय आणि मला म्हणते, “ती आली की तुम्ही कमी बोला.”

पोरांनी प्रश्न लिहून दिलेत, फळ्याएवढा मोठा कागद भरून. सोपे नाहीत, सांगून ठेवतो. बरेचसे मी वाचताच ओळखले, त्यांची उत्तरं मला ठाऊक होती. एक मात्र अडला. शेवटच्या ओळीत एका मुलीने विचारलंय, नाव सुटली तेव्हा नावाड्याने काठाकडे वळून बघितलं का?

मी उत्तर लिहायला पेन उचललं होतं. मग खाली ठेवलं. मी नव्हतो तिथे. तूच सांग.

तुझा दादा